ऐकू येतं, पण कळत नाही: कानाच्या पूर्ण तपासणीत काय काय होतं

ठाण्याच्या गावदेवी मंडईत भाजीवाली "साठ" म्हणते आणि आजोबांना "आठ" ऐकू येतं. ठाणे-वाशी गाडीत घोषणा होते, पण पुढचं स्टेशन रबाळे की तुर्भे ते लागत नाही. घरच्यांनी टोकलं की उत्तर ठरलेलं: "मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता." यातला पहिला अर्धा भाग बहुतेक वेळा खरा असतो. आवाज कानापर्यंत पोचतो, शब्द लागत नाही.

"आठ" आणि "साठ" यांत फरक फक्त सुरुवातीच्या "स"चा. आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि दणकट असतात, बोलण्यातला सगळा जोर त्यांच्यात असतो. स, श, फ, थ, क ही व्यंजनं पातळ आवाजाची आणि हलकी, पण शब्द ओळखायचा तो त्यांच्यावरूनच. साप, ताप, काप, थाप हे चार शब्द व्यंजन गाळून ऐकले तर एकच शब्द उरतो. वयाबरोबर आधी जातो तो हा पातळ आवाजांचाच पट्टा. म्हणून आजोबांसमोर ओरडून उपयोग होत नाही, ओरडण्याने स्वरच मोठा होतो.

तपासणीला जाताना बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो: ऐकणं किती टक्के गेलं? तपासणाऱ्याला मात्र आधी हवं असतं ते कुठे अडलंय. आवाजाची वाट अशी: बाहेरची कर्णनलिका, पडदा, पडद्यामागच्या हवेच्या पोकळीतली तीन चिमुकली हाडं (हा मधला कान), त्यामागे गोगलगायीच्या शंखासारखा कॉक्लिया (हा आतला कान), त्यातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी, आणि तिथून मेंदूकडे जाणारी नस. मळ अडला तर काम दहा मिनिटांचं. पडद्यामागे पाणी साचलं तर औषध किंवा छोटी शस्त्रक्रिया. केसपेशी गेल्या तर त्या परत येत नाहीत, तिथे श्रवणयंत्र लागतं. पुढची प्रत्येक चाचणी या वाटेवरच्या एकेका नाक्यावर उभी असते. एका चाचणीने सगळं कळत नाही, म्हणूनच तपासणी "पूर्ण" असावी लागते.

कुठे आणि कोणाकडे

कान-नाक-घशाचा डॉक्टर कानाचा आजार बघतो, औषध देतो, शस्त्रक्रिया करतो. ऐकण्याचं मोजमाप ऑडिओलॉजिस्टचं काम. भारतात या कामासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते आणि रिपोर्टवर सहीखाली तो नोंदणी क्रमांक असायला हवा. नसेल तर सरळ विचारा, त्यात काही गैर नाही.

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय, नेरुळचं डी. वाय. पाटील यांसारख्या मोठ्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहे. सार्वजनिक रुग्णालयात जाण्याआधी ऑडिओलॉजिस्ट कोणत्या वारी असतात आणि मशीन चालू आहे का, हे फोन करून विचारावं. नाहीतर केसपेपर काढून अर्धा दिवस रांगेत जातो आणि हातात पुढची तारीख पडते. गुंतागुंतीच्या केससाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ साली सुरू झालेली ही केंद्र सरकारची संस्था याच विषयाला वाहिलेली आहे. ठाण्याहून दादरला गाडी बदलून जाता येतं.

सोसायटीच्या आवारात किंवा मॉलमध्ये जे "मोफत श्रवण तपासणी" शिबिर लागतं, ती चाळणी असते. चार-पाच आवाज वाजवून पुढे तपासायची गरज आहे की नाही एवढंच ती सांगते. तेवढ्यावर यंत्र विकत घेणं म्हणजे डोळ्यांचा नंबर न काढता चष्मा घेणं.

जाण्याआधी

आदल्या दिवशी मोठ्या आवाजात जाऊ नका. ढोल-ताशा, डीजे, प्रेसशॉपमधली पाळी यानंतर कान तात्पुरता बधिर होतो आणि ऐकण्याच्या मोजमापाचा ग्राफ खरा आहे त्यापेक्षा वाईट निघतो. १४ ते १६ तासांची शांतता हवी. गणपतीच्या मिरवणुकीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी ठरवली असेल, तर ती पुढे ढकलणं शहाणपणाचं.

मळ आहे असं वाटत असेल तर तो आधी डॉक्टरकडून काढून घ्यावा. मळ फार घट्ट असेल तर काही दिवस थेंब टाकून मऊ करावा लागतो, म्हणजे एका फेरीत काम होत नाही. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असल्याचं कधी सांगितलं असेल, तर स्वतःच्या मनाने थेंब नको, कोमट तेल तर मुळीच नको. आणि इअरबड? बडने मळ निघतो त्यापेक्षा जास्त आत ढकलला जातो.

सोबत न्यायच्या गोष्टी: जुने ग्राफ, चालू औषधांची यादी, वापरात असलेलं श्रवणयंत्र. औषधांची यादी अगदी नेमकी हवी. ॲमिकासिन, जेंटामायसिन ही इंजेक्शनं आणि कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन आतल्या केसपेशींना इजा करू शकतात. मधुमेह, रक्तदाब, घरात कोणाला लहान वयात कमी ऐकू येत होतं का, कानात शिट्टी किंवा गुणगुण येते का, चक्कर येते का, हेही विचारलं जाईल. घरातल्या एकाने बरोबर जावं. नेमकं काय ऐकू येत नाही हे रुग्णापेक्षा घरच्यांना चांगलं माहीत असतं. फक्त उत्तरं त्यांनी देऊ नयेत, रुग्णालाच देऊ द्यावीत. या गप्पांतूनसुद्धा तपासणारा बरंच काही टिपत असतो.

आणखी एक बारीक गोष्ट. हेडफोन कानावर सपाट बसायला हवा आणि हाडातून आवाज देणारं यंत्र कानामागे टेकवायचं असतं. त्यामुळे मोठी कर्णफुलं, बुगडी, चष्मा, खाली बांधलेला अंबाडा हे सगळं त्या वेळेपुरतं काढावं किंवा बाजूला घ्यावं लागतं.

खोलीत बसल्यावर

आधी दुर्बिणीसारख्या ऑटोस्कोपने कानात बघतात: मळ आहे का, पडदा मोत्यासारखा चकचकीत आहे की लाल, आत ओढलेला, भोक पडलेला. याला दोन मिनिटंही लागत नाहीत, पण ते न करता थेट हेडफोन लावला तर पुढचं सगळं मोजमाप संशयास्पद.

मग ती जाड दाराची, भिंतींना फोम लावलेली खोली. दार लागलं की कान दडपल्यासारखे वाटतात, काहींना कोंडल्यासारखंही होतं. तसं होत असेल तर आधीच सांगा, काचेतून तुम्ही दिसत असता. ही खोली शोभेची नाही. घोडबंदर रोडच्या कडेला पहिल्या मजल्यावरच्या साध्या खोलीत चाचणी केली, तर ट्रक, पंखा आणि एसीची घरघर २५० आणि ५०० हर्ट्झचे (हर्ट्झ म्हणजे स्वर किती पातळ याचं माप) जाड आवाज झाकून टाकते. कान चांगला असून तिथे ग्राफ १०-१५ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा याचं माप) खाली घसरतो.

हातात बटण दिलं जातं. आवाज आला, कितीही बारीक असला, तरी दाबायचं. चांगल्या कानापासून, १००० हर्ट्झपासून सुरुवात. समजा ४० डेसिबलला टूं ऐकू आला आणि तुम्ही दाबलंत. आता ३०, मग २०, मग १०: प्रत्येक वेळी १० ने खाली. गप्प झालात की ५ ने वर. ऐकू आला की पुन्हा १० ने खाली, पुन्हा ५ ने वर. ज्या पातळीला निदान निम्म्या वेळा तुम्ही दाबता, ती त्या स्वराची उंबरठा-पातळी. मग २०००, ४०००, ८०००, नंतर ५०० आणि २५०. मग दुसरा कान.

इथे लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज होतो. अर्ध्याहून जास्त वेळ काहीच ऐकू येत नाही, किंवा "आला की भास झाला" अशा काठावर बसावं लागतं, आणि माणूस घाबरतो. पण चाचणीच मुळी काठ शोधण्याची आहे. उत्तम कानाच्या विशीतल्या पोरालाही तसंच वाटतं. खात्री होईपर्यंत थांबून दाबलंत तर कान आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. उलट शांततेतही अंदाजाने दाबत राहिलात तर तपासणारा थांबून पुन्हा समजावतो. तो मुद्दाम आवाजांमधलं अंतर कमीजास्त करतो, त्यामुळे तालावर दाबून पार पडता येत नाही.

उतारवयात आणखी एक फसगत होते. कानाचं कूर्चा मऊ पडलेलं असतं आणि हेडफोनच्या दाबाने कर्णनलिकेचं तोंडच मिटतं. ग्राफवर पातळ स्वरांना खोटी घट दिसते आणि मधल्या कानात दोष असल्याचा भास होतो. नलिकेत बसणारा फोमचा इअरफोन लावला की हा प्रकार नाहीसा होतो. अनुभवी माणूस अशा वेळी तो बदलून बघतोच.

हाडातून ऐकणं आणि दुसऱ्या कानातली सुरसुर

आतापर्यंत आवाज हवेतून गेला. आता कानामागच्या हाडावर एक छोटा कंपक पट्टीने बसवतात. त्याची थरथर कवटीतून थेट आतल्या कॉक्लियाला पोचते. पडदा आणि तीन हाडं यांना वळसा घालून. रिपोर्टवर हवेच्या मार्गाला एसी आणि हाडाच्या मार्गाला बीसी लिहितात. तिथल्या एसीचा गारव्याशी संबंध नाही.

या एका तुलनेतच निम्मं निदान आहे. हवेतून कमी ऐकू येतं पण हाडातून छान ऐकू येतं, म्हणजे आतला कान ठीक, अडथळा बाहेर किंवा मधे. दोन्हीकडून सारखंच कमी, म्हणजे दोष आतल्या कानात किंवा नसेत. दोन्हीकडून कमी, पण हवेतून आणखी कमी, म्हणजे मिश्र. दोन रेषांत १० डेसिबलपेक्षा जास्त फट असेल तर ती गांभीर्याने घेतात.

कंपक कानाच्या पाळीला किंवा गालाला टेकला, केस मधे आले, पट्टी घसरली तर आकडे बदलतात. शिवाय या चाचणीत कान उघडे असतात, त्यामुळे बाहेरचा गोंगाट हिला जास्त नडतो. आणि जाड स्वर मोठे केले की ते ऐकू येण्याऐवजी नुसती थरथर जाणवते. "आवाज नाही, हलल्यासारखं वाटलं" असं वाटलं तर तसंच सांगा, बटण दाबून मोकळे होऊ नका.

मग एका कानात सुस्स असा, पावसासारखा आवाज सुरू होतो आणि सांगतात, "त्याकडे लक्ष देऊ नका, दुसरीकडचा टूं ऐका." याला मास्किंग म्हणतात. हाडातून दिलेला आवाज जवळपास जसाच्या तसा दोन्ही कानांना पोचतो, आणि हेडफोनचा मोठा आवाजही साधारण ४० डेसिबल गमावून पलीकडच्या कानापर्यंत जातो. म्हणजे पूर्ण बहिऱ्या उजव्या कानाची परीक्षा चालू असताना उत्तर डावा कान देत असतो. सुरसुर लावून त्या हुशार कानाला गुंतवून ठेवायचं. दोन कानांत मोठा फरक आहे आणि मास्किंग केलेलंच नाही, असा ग्राफ हातात आला तर तो अर्धवट समजावा.

ग्राफ वाचताना

आडव्या रेषेवर डावीकडून उजवीकडे स्वर जाड ते पातळ होत जातो, २५० ते ८००० हर्ट्झ, हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखंच. उभ्या रेषेवर डेसिबल, पण उलटे: वर ०, खाली १२०. खूण जितकी खाली तितकं ऐकणं कमी. उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. मास्किंग केलं असेल तर गोलाचा त्रिकोण होतो आणि फुलीचा चौकोन. खुणेला खाली बाण असेल तर मशीनच्या कमाल आवाजालाही उत्तर आलं नाही.

० डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. निरोगी तरुण कानांना जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाची ती सरासरी पातळी. काहींचा काठ उणे ५ किंवा उणे १० लाही येतो.

आपल्याकडे अजून बहुतेक ठिकाणी जुनं वर्गीकरण चालतं: २५ पर्यंत सामान्य, २६ ते ४० सौम्य, ४१ ते ५५ मध्यम, ५६ ते ७० मध्यम-तीव्र, ७१ ते ९० तीव्र, त्यापुढे अतितीव्र. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अहवालात पायऱ्या बदलल्या, तिथे सौम्य २० पासून आणि मध्यम ३५ पासूनच सुरू होतं. शब्दाने फसू नका. एक उदाहरण घेऊ.

सत्तरीतल्या एका गृहस्थांचा उजवा कान: ५०० ला २०, १००० ला २५, २००० ला ४५, ४००० ला ६५. पहिल्या तिघांची सरासरी काढली तर ९० भागिले ३, म्हणजे ३०. रिपोर्टवर लिहिलं जातं "सौम्य". घरी येऊन ते सांगतात, "बघा, काही विशेष नाही." आता ४००० धरून चौघांची सरासरी काढा: १५५ भागिले ४, जवळपास ३९. नव्या वर्गीकरणात हा कान "मध्यम". कान तोच, दिवस तोच. स, फ, थ, क जिथे राहतात तो उजवीकडचा उतार जुन्या सरासरीत मोजलाच जात नाही. म्हणून एका आकड्यापेक्षा रेषेचा आकार बघावा.

आकार बोलका असतो. हळूहळू उजवीकडे घसरत जाणारी आणि ८००० ला सगळ्यात खाली पोचणारी रेष बहुधा वयाची. ४००० च्या आसपास खड्डा पडून ८००० ला पुन्हा वर येणारी रेष आवाजाच्या माराची. वागळे इस्टेट, रबाळे, पावणे, तुर्भे इथे प्रेस, ग्राइंडर, कॉम्प्रेसरपाशी वर्षं काढलेल्यांत ती भेटते. कारखान्यांच्या नियमांत ८ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही कमाल मर्यादा धरली आहे. कंपनीच्या वार्षिक तपासणीत ग्राफ काढायचा तर तो सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, पाळीवर जाण्याआधी काढून घ्या. पाळी संपवून काढलेल्या ग्राफवर दमलेला कान आणि बिघडलेला कान वेगळे करता येत नाहीत.

शब्दांची परीक्षा

टूं-टूं ऐकणं आणि माणसाचं बोलणं समजणं यांत फरक आहे, म्हणून पुढची पायरी शब्दांची. हेडफोनमधून दोन अक्षरी ओळखीचे शब्द हळूहळू बारीक करत नेतात, तुम्ही ते परत म्हणायचे. निम्मे शब्द बरोबर येतात ती पातळी आधीच्या सरासरीशी जुळायला हवी. १० डेसिबलहून जास्त तफावत पडली तर कुठेतरी पाणी मुरतंय: एक तर सूचना नीट कळली नव्हती, किंवा उतार फार तीव्र आहे, किंवा दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी कोणी मुद्दाम कमी ऐकत आहे. शेवटचा प्रकार ओळखायला वेगळ्या युक्त्या आहेत आणि त्या चालतात.

दुसऱ्या भागात आवाज आरामात ऐकू येईल इतका मोठा ठेवतात आणि सहसा २५ शब्दांची यादी म्हणतात. प्रत्येक शब्द ४ टक्क्यांचा. २१ बरोबर म्हणजे ८४ टक्के. हा आकडा सगळ्यात व्यवहारी. आवाज पुरेसा मोठा केल्यावर शब्द किती लागतात, म्हणजेच यंत्राचा उपयोग कितपत होईल, याचा अंदाज इथे येतो. ९० च्या वर असेल तर यंत्र लावून बोलणं समजायला सहसा अडचण येत नाही. ४०-५० असेल तर यंत्र आवाज मोठा करेल, पण शब्द तितके साफ करणार नाही, आणि हे घेण्याआधीच कळलेलं बरं. आवाज वाढवल्यावर गुण वाढण्याऐवजी घसरले, किंवा एका कानाचे गुण दुसऱ्यापेक्षा फारच कमी आले, तर नसेकडे संशय जातो आणि डॉक्टर एमआरआय सांगू शकतात.

इथे भाषेचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. यादी रुग्णाच्या बोलण्याच्या भाषेतली हवी. ऐरोली-गोठिवलीच्या आगरी आजींना इंग्रजी किंवा पुस्तकी हिंदी शब्द दिले तर परीक्षा कानाची होत नाही, शाळेची होते. मराठी शब्दयाद्या उपलब्ध आहेत, त्या मागून घ्या. आजींनी "पाणी" ऐकून "पानी" म्हटलं तर ते बरोबर धरायचं, ती त्यांची बोली आहे. "ताप" ऐकून "काप" म्हटलं तर मात्र चूक. न कळलेला शब्द सोडून देऊ नये, जे वाटलं ते म्हणावं. कोणत्या अक्षराच्या जागी कोणतं अक्षर ऐकू आलं, त्यावरून यंत्र कुठे वाढवायचं ते ठरवता येतं. आणि म्हणणाऱ्याचे ओठ दिसता कामा नयेत, कारण कमी ऐकणारे लोक नकळत ओठ वाचत असतात.

शक्य असेल तर मागे गोंगाट लावून वाक्यं समजण्याची चाचणीही करून घ्यावी. लग्नाच्या हॉलमध्ये काय होतं याचं उत्तर शांत खोली देत नाही.

पडद्यामागे डोकावणं

टिम्पॅनोमेट्रीत बटण नाही, उत्तर नाही. कानात रबराची टोपी घट्ट बसवतात, हवेचा दाब वर-खाली होतो, विमान उतरताना होतं तसं वाटतं, आणि काही सेकंदांत पडद्याच्या हालचालीची डोंगरासारखी आकृती निघते. तेवढा वेळ गिळू नका, बोलू नका.

मधोमध छान शिखर म्हणजे ए प्रकार: पडदा आणि पोकळी ठीक. शिखर डावीकडे सरकलं तर सी: नाकामागून कानात येणारी नळी तुंबलेली, सर्दीत हमखास. सपाट रेष म्हणजे बी, आणि ती एकटी वाचायची नाही, शेजारी छापलेलं कर्णनलिकेचं आकारमान बघायचं. मोठ्या माणसात ते साधारण ०.६ ते १.५ मिलिलिटर. आकारमान नेहमीचं आणि रेष सपाट, तर पडद्यामागे पाणी. आकारमान खूप मोठं, तर पडद्याला भोक, कारण हवा पलीकडच्या पोकळीतही जाते आहे. अगदी छोटं, तर मळ, किंवा टोपी भिंतीला टेकली आहे. शेवटच्या गोष्टीमुळे विनाकारण घाबरलेले आईबाप थोडे नाहीत, टोपी बदलून पुन्हा बघायला सांगावं.

त्याच टोपीतून काही मोठे आवाज देतात. दचकायला होतं, पण धोका नसतो. मोठ्या आवाजाला कानातला एक इवलासा स्नायू आपोआप आखडतो, तो आखडतो का हे तपासायचं असतं.

तान्ह्या बाळांचं काय

बाळ बटण दाबत नाही, म्हणून कानाला आणि नसेला थेट विचारावं लागतं. निरोगी केसपेशी आवाजाला उत्तर म्हणून स्वतःच अतिशय बारीक आवाज परत पाठवतात. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये ते दाखवून दिलं. ओएई चाचणीत मायक्रोफोन तोच प्रतिसाद टिपतो. बाळ शांत असेल तर मिनिटा-दोन मिनिटांत होते. "रेफर" (पुढे तपासा) आलं म्हणजे बाळ बहिरं नाही. जन्मानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत कानात चिकट द्रव असतो, त्यानेही तसं येतं. पण फेरतपासणी चुकवायची नाही. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत यंत्र आणि उपचार सुरू, असा जगभर पाळला जाणारा हिशोब आहे.

एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) राहिलेल्या किंवा जास्त कावीळ झालेल्या बाळाला नुसती ओएई पुरत नाही. अशा बाळांत केसपेशी ठीक आणि दोष नसेत, असं असू शकतं. ओएई पास होते आणि प्रश्न लपून राहतो. त्यांना बेरा हवी: कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवून, आवाज दिल्यावर नस आणि मेंदूच्या देठातून उठणाऱ्या लहरी मोजतात. बाळ गाढ झोपलेलं हवं. त्या दिवशी पहाटे लवकर उठवा, वाटेत गाडीत झोपू देऊ नका, दूध तिथे पोचल्यावर पाजा. आणि सकाळची तेलमालिश करताना डोकं, कपाळ, कानामागचा भाग सोडा. तेलकट कातडीवर इलेक्ट्रोड धरत नाही, मग घासून घासून पुसण्यात बाळ जागं होतं आणि सगळी मेहनत फुकट. झोपेचं सिरप द्यायचं तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

सहा महिन्यांपासून दोन-अडीच वर्षांपर्यंत आवाजाकडे वळल्यावर दिवा लागणारं खेळणं दाखवून चाचणी करतात. पुढे पाचेक वर्षांपर्यंत "आवाज आला की रिंग खांबात टाक" असा खेळ. मूल कंटाळलं तर दोन फेऱ्यांत करावी, ओढूनताणून काढलेल्या ग्राफवर भरवसा नसतो.

शेवटी हातात काय मिळायला हवं

मोठ्या माणसाला या सगळ्याला पाऊण ते दीड तास लागतो. वीस मिनिटांत सगळं आटोपलं तर काहीतरी गाळलं आहे. ग्राफची मूळ प्रत, शब्दांचे गुण, टिम्पॅनोमेट्रीची पट्टी आणि निष्कर्ष, हे घरी न्यायचं. यंत्र तिथून घ्या वा न घ्या, रिपोर्ट तुमचा. मशीनचं कॅलिब्रेशन (ते बरोबर मोजतंय का याची तपासणी) वर्षातून एकदा होतं, त्याची तारीख विचारायला हरकत नाही.

"चाळीस टक्के बहिरेपणा" असं कोणी ग्राफवरून तोंडी सांगितलं तर विचारा, की ४० डेसिबल म्हणायचंय का? डेसिबल म्हणजे टक्के नव्हे. टक्के काढण्याचं वेगळं सरकारी सूत्र आहे आणि ते दाखल्यासाठी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट असेल तर "कमी ऐकू येणारी" आणि ७० डेसिबल घट असेल तर "बहिरी" व्यक्ती अशी व्याख्या आहे. दाखल्यासाठी यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राच्या) पोर्टलवर अर्ज करून नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते, खासगी ग्राफ तिथे फक्त पूरक.

एका बाबतीत मात्र वर सांगितलेली तयारी, तारीख, वार यांची वाट बघायची नाही. सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद वाटला, किंवा तीन दिवसांच्या आत एका कानाचं ऐकणं झपकन उतरलं, तर तो मळ किंवा सर्दी असेल असं धरून थेंब टाकत बसू नका. तोंड मिटून "हम्म" करा. गुणगुण बंद वाटणाऱ्या कानात मोठी वाटली तर बहुधा मळ किंवा मधला कान; चांगल्या कानात मोठी वाटली तर आतला कान गेल्याची शंका. डॉक्टर हीच गोष्ट ५१२ हर्ट्झचा चिमट्यासारखा स्वरकाटा (ट्यूनिंग फोर्क) कपाळावर टेकवून बघतात. घरचा अंदाज काहीही निघो, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं. आतल्या कानाच्या अशा घटीवर स्टेरॉइड देतात आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत, त्यातही जितकं लवकर तितकं, उपयोगी पडतं. दवाखान्यात फोन करताना "कान बंद झालाय" एवढंच म्हटलं तर पुढच्या आठवड्याची वेळ मिळेल. "काल रात्रीपर्यंत ऐकू येत होतं, आज या कानाने अचानक येत नाही," असं पूर्ण वाक्य सांगा.